अरफजला आळं

२४ एप्रिल १९५९, शुक्रवार. अहमदी, कुवेत

आजची सहल एकदाची संपली. मी तरी पुन्हा जाणार नाही.

जुम्मा आटोपून आपली कोकणची मंडळी दोन गाड्या भरून वाळूत गेली. मटणाचं पातेलं आणलं, मसाला आणला, स्टो घरी राहिला. नणंदोई उठले, समोरचं अरफज मुळासकट उपटलं आणि तीन दगडांच्या चुलीत घातलं. ऐन फुलात होतं. मी म्हटलं, अहो, हे झुडूप तुमच्या नोकरीपेक्षा जुनं आहे. ते हसले. काटक्याच तर आहेत, म्हणाले, आणि दुसरं उपटलं. मग तिसरं. वाळवंटात बसून वाळवंटाचीच चूल पेटवायची आणि वर म्हणायचं, इथं काही उगवत नाही!

मी जेवले नाही. परत येताना दा. म्हणाला, उगाच तमाशा केलास. सगळ्यांसमोर.

दा. म्हणजे दाऊद, माझा नवरा; मी त्याची रुकू. तोंडावर ‘तुम्ही’, इथं ‘तो’. या वहीत माझं राज्य.

२ मे

सकाळी मागच्या तुकड्यात गेले. राग जरा उतरला.

आमचं क्वार्टर शेवटच्या रांगेतलं. मागच्या भिंतीपलीकडे तारेचं कुंपण घातलेली जागा आहे. काहीतरी बांधायचं होतं, बांधलं नाही, कुंपण राहिलं. त्यामुळं बकऱ्या नाहीत, उंट नाहीत, लाकडं तोडणारे नाहीत. अहमदीच्या आसपास अरफजचा इतका धड समूह दुसरा दिसला नाही. इथं आल्यापासून मी तो बघते आहे. दुसरं करायचं काय? दा. पाणीखात्यात, सकाळी जातो तो संध्याकाळी येतो.

इथं कोणी एकटं उगवत नाही. अरफजच्या पायाशी वारा वाळू आणून टाकतो, तिचा उंचवटा होतो. त्या उंचवट्यावर हिवाळ्यात बारीकसारीक रोपं उठतात, गवत धरतं. कडेला रक्रूकचं खुरटं झुडूप, त्याच्या आसपास पावसानंतर फगा, म्हणजे वाळूखालची अळंबी, सापडतो. तो इथले लोक मटणापेक्षा महाग विकत घेतात. आणि दोन झुडपांमधली उघडी वाळू, जी सगळ्यांना रिकामी वाटते, ती रिकामी नाही. खाली मुळांनी वाटून घेतली आहे. अरफज गेलं की उंचवटा उडतो, उंचवटा गेला की बाकीचे सगळे जातात.

बी.एस्सी.ला बॉटनी घेतली तेव्हा अब्बा म्हणाले होते, झाडं बघून पोट भरणार आहे का? नाही भरत. डोकं मात्र छान तापतं.

११ मे

बाग-समितीची चिठ्ठी घरोघर. आमच्या मागचा तुकडा ‘साफ करून’ तिथं हिरवळ आणि कण्हेर. मधोमध बाक. हिरवळीची गोडी माती बाहेरून येणार.

समिती म्हणजे मुख्यतः लॅमबाई. लॅमसाहेब पाणीखात्यात दा.चा साहेब. म्हणजे बोलायची सोय नाही. मी तरी गेले. बाईंनी चहा दिला, बिस्किट दिलं. त्यांच्या दारात इंग्लंडातला गुलाब आहे, बिचारा दिवसातून दोनदा पाणी पिऊन जेमतेम जगतो. बाई म्हणाल्या, पण मिसेस दाऊद, तिथं तर काहीच नाही. मी म्हटलं, काय काय आहे ते दाखवते, चला. त्या म्हणाल्या, ऊन फार आहे.

२ जून

अरफज झोपायला लागलं. पानं गळाली, काटक्या गवती रंगाच्या. दरवर्षी असंच. उन्हाळाभर मेल्याचं सोंग, वस्मचा, म्हणजे इथला हिवाळ्याच्या तोंडाचा, पाऊस झाला की पुन्हा हिरवं.

आज समितीची बैठक. दा.ही होता, पाणीखात्याचा माणूस म्हणून. मी उभी राहून सांगितलं, हे मेलेलं नाही, झोपलेलं आहे. नोव्हेंबर-डिसेंबरात या, मी स्वतः फिरवून दाखवते. थोडं हसू झालं. मग लॅमबाईंनी मोठ्या मनानं तडजोड काढली: सप्टेंबरात बागस्पर्धेची पाहणी असते. तेव्हा तुकडा हिरवा दिसला तर ठेवू.

सप्टेंबरात! म्हणजे ज्या महिन्यात तो हिरवा असूच शकत नाही तोच नेमका. मी म्हटलं, ही अटच खोटी आहे. बाई म्हणाल्या, स्पर्धेची तारीख सगळ्यांना सारखी.

दा. एक शब्द बोलला नाही. पेन्सिलीनं कागदावर नळाचे जोड काढत बसला होता. घरी येताना मी विचारलं, तुम्हाला तोंड दिलंय ते कशाला? तो म्हणाला, साहेबासमोर काय बोलू? मी म्हटलं, साहेबासमोर नाही, बायकोशेजारी बोलायचं होतं.



१९ जून

रत्नागिरीहून तार. अम्मी न्हाणीघरात पडली, कंबरेचं हाड. भाऊ एकटा. जायलाच हवं. पुढच्या आठवड्यात बोट.

तुकड्याचं काय? दा.ला घेऊन भिंतीपाशी गेले. म्हटलं, तुमचं-माझं भांडण बाजूला ठेवा. मी नाही तोवर इथं कोणी येऊन काही तोडू नये एवढं बघा. त्यानं मान हलवली. म्हणाला, तू अम्मीकडं बघ, इथलं माझ्यावर सोड.

बऱ्याच दिवसांनी सरळ बोलला. मला बरं वाटलं, हेही लिहून ठेवते.

८ ऑगस्ट. रत्नागिरी

अम्मी उठून बसते. चिडचिड माझ्याहून जास्त, म्हणजे बरी होणार.

इथं भिंतींनासुद्धा शेवाळ. हात लावीन ते हिरवं. मला सारखी ती गवती रंगाची झुडपं आठवतात. भाऊ म्हणतो, तुझं डोकं तापून बिघडलं तिकडं.

१२ सप्टेंबर. अहमदी

मुंबईपर्यंत एस.टी.नं हाडं खिळखिळी, मग बोट. दा. धक्क्यावर आला होता. इतका खुश की मला शंकाच यायला हवी होती. उन्हानं काळा पडलेला, वाळलेला. वाटेत काही सांगेना. घरी पोचलो तर ट्रंक अंगणात ठेवून म्हणाला, आधी मागं चल.

मागं गेले.

हिरवं. सगळं हिरवं. भिंतीपासून तारेपर्यंत.

दा. बाजूला उभा राहून माझ्या तोंडाकडं बघत होता. मी भिंतीला धरून उभी राहिले. त्याला वाटलं आनंदानं.

१३ सप्टेंबर

आज सकाळी नीट बघितलं.

मी गेल्यावर लगेच त्यानं खात्यातून जुने नळ मिळवले आणि बागांच्या मचूळ पाण्याची लाइन भिंतीखालून आत घेतली. लॅमसाहेबांची तोंडी परवानगी काढली म्हणे. माझ्याशेजारी बोलता आलं नाही, माझ्यामागं बोलला. ड्युटी संपल्यावर रोज कुदळ घेऊन तो आत जायचा. आणि प्रत्येक अरफजला त्यानं आळं केलं. श्रीवर्धनला त्याच्या बापाची सुपारीची वाडी. पोफळीला आळं करून शिंपणं कसं करायचं हे त्याला चालता येण्याआधी कळलं असेल. तसंच गोल, तसंच सुबक, पाटानं जोडलेलं. त्यासाठी उंचवटा खणून काढला. जो उंचवटा धरायला अरफजला वर्षानुवर्षं लागली, तो त्यानं फावड्यानं ओढून आळ्याचा काठ केला. आणि आत मचूळ पाणी. रोज.

हिरवं काय आहे? अरफजला पांढरट, लुसलुशीत फूट आली आहे, बोटानं चिरडते. बाकी सगळी हरळी, बागांतून नळाबरोबर आलेली. आणि चाकवत, गुडघाभर. नणंदबाई हमीदाआपा पदर खोचून चाकवत खुडत होती. भाजी चांगली होते गो, म्हणाली.

भीक नको पण कुत्रा आवर, हे मी दा.ला म्हणणार होते. नाही म्हणू शकले. त्याच्या तळहातांना घट्टे पडलेत. त्यानं जेवताना ते ताटाखाली लपवले नाहीत, उलट दाखवले.

म्हटलं फक्त एवढंच, पाणी आता बंद करा. तो म्हणाला, पाहणी होऊ दे.

१९ सप्टेंबर

पाहणी झाली. लॅमबाई, आणखी चार टोप्या. बाई आळ्यांच्या काठाकाठानं चालल्या, म्हणाल्या, मिसेस दाऊद, तुम्ही आम्हाला खोटं पाडलंत. किती सुंदर! पाणी दिलं की सगळं जगतं, नाही का?

मी हसले. दात दाखवले, त्याला हसणं म्हणत असतील तर. तुकडा ठेवायचं ठरलं. एक पाटी लागणार: ‘वाळवंटी बाग’. डिसेंबरात फोटो काढायला पुन्हा येतील.

दा.ची छाती बघण्यासारखी. संध्याकाळी त्यानं बाजारातून हलवा आणला, रांगेत सगळ्यांना वाटला. माझ्या वाट्याचा मी आपाला दिला. जिंकले म्हणे मी! ज्याच्यासाठी भांडले ते खाली कुजतं आहे आणि वर त्याच्या नावाचा हलवा वाटला जातो आहे.

२ ऑक्टोबर

भिंतीजवळचं मोठं अरफज आज एका बाजूला कललं. हात लावला तर आख्खं हातात आलं. मूळ काळं, बुळबुळीत, वास नासक्या बटाट्यासारखा. शेजारचंही तसंच. त्याच्या पलीकडचं तसंच. आळ्यांत वाळूवर मिठाचा पांढरा थर.

ते मूळ घेऊन घरात आले आणि दा.समोर टेबलावर ठेवलं. चहा पीत होता.

‘हे काय?’

‘तुमचं शिंपणं.’

मग मी जे बोलले ते सगळं लिहीत नाही. खूप बोलले. उंचवट्याचं बोलले, मिठाचं बोलले, नणंदोयांनी तीन उपटली, लॅमबाई बुलडोझर लावणार होती, पण सगळ्या तुकड्याला मारायचं काम घरच्या माणसानं केलं, असंही बोलले. तो मूळ हातात घेऊन उलटसुलट बघत होता. वास घेतला.

‘पाण्यानं झाड मरतं?’ एवढंच विचारलं. खरोखर विचारलं, वाद म्हणून नाही. श्रीवर्धनच्या माणसाला हा प्रश्न पडावा यात नवल नाही. मला मात्र त्याचाही संताप आला.

‘विचारायचं होतंत मला. दोन ओळी लिहून विचारायचं होतंत.’

‘तू अम्मीच्या उशाशी होतीस. वाटलं, आल्यावर बघेल.’

कप तसाच ठेवून बाहेर गेला.

४ ऑक्टोबर

हमीदाआपा भांडायला आली. मला वाटलं होतंच. दा. दोन दिवस जेवला नाही, हे तिच्या कानावर गेलं.

म्हणाली, ‘जुलैच्या उन्हात चटके खात नळ ओढलेन त्यानं. मी म्हटलं, मरशील. तर म्हणतो कसा, रुकू येईल तेव्हा तिला लोकांसमोर मान खाली घालायला लागता नये.’ मग डोळ्याला पदर. मग म्हणाली, ‘झाडांचं काय घेऊन बसलीस, नवऱ्याचं बघ.’

हाच तर राग आहे, आपा. मला नवराही दिसतो आणि झाडंही दिसतात. लॅमबाईंवर चिडणं किती सोपं होतं! तिनं काही केलं असतं तर तिच्या नावानं बोटं मोडून मोकळी झाले असते. हा माझ्यासाठी उन्हात करपला, माझ्यासाठी माझंच मोडून बसला, आणि आता जगाची दया त्याला. मला काय? मी कजाग बायको.

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. फरक एवढाच की तो मारुती आता रोज माझ्यासमोर बसून खाली मान घालून भात चिवडतो.

९ ऑक्टोबर, शुक्रवार

पेच असा. पाणी चालू ठेवलं तर वाळूत जे बी पडून आहे तेही नासेल. उन्हाळ्याआधी गळलेली फुलं तशीच सुकून पडतात, बी त्यांच्याच पोटात. काही अजून कोपऱ्यांत, तारेच्या बुडाशी कोरडी आहेत. तीच काय ती आशा. पाणी बंद केलं तर हरळी वाळणार, चाकवत वाळणार, तुकडा भुरा होणार. डिसेंबरात फोटोवाले येणार आणि लॅमबाई म्हणणार, मेलं, साफ करा. पाऊस वेळेवर होईल का, झाला तरी बी रुजेल का, कोणाला ठाऊक?

आज जुम्म्याहून आल्यावर दा.ला हे सगळं सांगितलं. न ओरडता. तो ऐकत होता. विचारलं, ‘तू काय करशील?’

‘बंद करीन.’

तो उठला, पाना घेतला आणि मागं गेला. मी खिडकीतून बघितलं. वाल्व्ह बंद करून तो गप्प बसला नाही. नळाचा आख्खा जोड सोडवून खांद्यावर घेऊन आला.

२० ऑक्टोबर

हरळी वाळली. अपेक्षेपेक्षा लवकर. तुकडा बघवत नाही. मेलेली आळी, मिठाची कडी, मधे काळ्या काड्या. आधी जे होतं ते लोकांना मेलेलं वाटत होतं, आता खरोखर मेलेलं आहे. फरक मलाच दिसतो.

लॅमबाईंची चिठ्ठी: बागेला पाणी का नाही?

२४ ऑक्टोबर

समितीची बैठक. मी बोलणार होते, रात्रभर तयारी मनात. दा. माझ्याआधी उभा राहिला.

त्याचं इंग्रजी नळाच्या कामापुरतं. उभं राहून साहेबांसमोर म्हणाला, ती झाडं मी मारली. माझी बायको सांगत होती ते खरं होतं. सप्टेंबरात तुम्ही जे बघितलंत ते तण होतं. मी पाणी दिलं कारण तुम्हाला हिरवं हवं होतं. ते बरोबर नव्हतं. आता एक पाऊस थांबा.

लॅमसाहेब छताकडं बघत होते. लॅमबाई लाल झाल्या, मग म्हणाल्या, हिरवळीची माती आधीच मागवली आहे, ती तर येऊन पडणार. बरं, जानेवारीपर्यंत पसरणार नाही. तोवर काही उगवलं तर बघू.

परतताना मी चिडलेलीच होते. जूनमध्ये का नाही बोललात? तेव्हा बोलला असतात तर आज… तो म्हणाला, ‘तेव्हा कुठं काय माहीत होतं मला?’

माझं सगळं अरफज गेलं तेव्हा याला कंठ फुटला. किंमत जरा जास्तच झाली.

लॅमसाहेब आता त्याला दूरच्या पंपावर पाठवणार अशी कुणकुण.

७ नोव्हेंबर

माती आली. काळसर, मऊ, तारेबाहेर ढीग. वाऱ्यानं थोडी आत उडते. मी झाडूनं बाहेर लोटते. हमीदाआपा भिंतीवरून बघून म्हणाली, वाळवंटात झाडू मारणारी पहिलीच तू.

दा. रोज संध्याकाळी आळ्यांचे काठ मोडतो. मी सांगितलं नव्हतं. मिठाचा थर पाटीत भरून बाहेर टाकतो, वाळू परत मधे ओढतो. उंचवटा हातानं होत नाही, तो वाऱ्याचं काम. हे सांगितलं. तो म्हणाला, ‘निदान खड्डा तरी नको.’ मी अडवलं नाही.

२१ नोव्हेंबर

पाऊस. दुपारी तासाभराचा, मग पुन्हा संध्याकाळी. वाळू तांबूस झाली. आम्ही दोघं खिडकीत. दा. म्हणाला, एवढासाच? मी म्हटलं, यांना एवढाच लागतो.

१० डिसेंबर

दा.ची बदली पक्की. पश्चिमेकडं, जहरा गावाच्या पलीकडे पंपावर. आठवड्यातून एकदा घरी. लॅमसाहेब म्हणाले, ही शिक्षा नाही, गरज आहे. उचलली जीभ लावली टाळ्याला. दा. म्हणाला, जाऊ दे. मी जाऊ देणार नाही, पण कोणावर ओरडू? सगळे इतके सभ्य आहेत.

१८ डिसेंबर, शुक्रवार

दा. सकाळीच आला. चहाही न घेता मागं गेलो.

तारेच्या बुडाशी, जिथं पाणी पोचलं नव्हतं तिथं, आणि दोन-तीन मोडलेल्या आळ्यांच्या कडेलाही, कोंब आहेत. दोन-दोन पानांचे. मी गुडघ्यांवर बसून बघितलं, भिंग लावून बघितलं. अरफज असेल. चाकवत असेल. दुसरं काहीही असेल. दोन पानांवर ओळख पटत नाही. चार पानं आल्याशिवाय मी शपथ घेणार नाही, आणि जानेवारीत माती पसरणार. लॅमबाईंना दोन पानं दाखवून काय सांगू? परत तेच, मिसेस दाऊद, इथं तर काहीच नाही.

दा. माझ्याशेजारी उकिडवा बसला. हात नकळत वाळूकडं गेले, बोटांनी कोंबाभोवती गोल ओढायला लागला. अर्धा गोल झाल्यावर त्याचं त्यालाच कळलं. त्यानं तो पुसला.

‘यांना काय पायजे, रुकू?’

‘काही नको.’

‘काहीच नाय?’

‘काहीच नाही. नुसतं राहू द्यायचं.’

त्यानं हात मांडीखाली दाबून धरले. मातीचा ढीग तारेबाहेर, ऊन वर आलेलं. आम्ही बसलो होतो.